खिडकीतली धूळ आणि डिझेलची काजळी

रहदारीच्या रस्त्यालगत घर असेल, तर खिडकीच्या कठड्यावर एकदा बोट फिरवून पाहा. हाताला लागतं त्याला आपण सरसकट धूळ म्हणतो, पण त्यात दोन वेगळ्या गोष्टी असतात. करडी-तपकिरी, चिमटीत कचकचणारी आणि झटकली की पडून जाणारी ती धूळ. काळपट, चिकट, पुसायला गेलं की पसरणारी आणि साबणाशिवाय न जाणारी ती काजळी.

धूळ मुख्यतः दगडमातीची. उखडलेले रस्ते आणि बांधकामं यांतून ती उडते. तिचे मोठे कण नाकात, घशात अडकतात आणि शिंकेतून, कफातून बाहेर पडतात. पण म्हणून ती निरुपद्रवी ठरत नाही. खडी क्रशरवर राबणाऱ्यांना सिलिकाच्या, म्हणजे दगडातल्या गारेच्या, धुळीने सिलिकोसिस हा फुफ्फुसाचा आजार होतो आणि तो बरा होत नाही.

काजळी जन्मते इंजिनाच्या आत, डिझेल पुरतं न जळाल्यामुळे. कार्बनचे 20-30 नॅनोमीटरचे गोळे एकमेकांना चिकटतात आणि त्यांच्या साखळ्या बनतात. त्या बहुतेक एक मायक्रॉनपेक्षाही (मिलिमीटरचा हजारावा भाग, म्हणजे हजार नॅनोमीटर) लहान असतात. माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉन जाड असतो. एवढ्या बारीक कणांपुढे नाकाचं काही चालत नाही. ते फुफ्फुसाच्या वायुकोशांपर्यंत पोचतात आणि जाताना अंगाला चिकटलेली कर्करोगकारक हायड्रोकार्बनं सोबत नेतात. दमा बळावतो, हृदयविकाराचा आणि पक्षाघाताचा धोका वाढतो. डिझेलच्या धुरामुळे फुफ्फुसाचा कर्करोग होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2012 साली नि:संदिग्धपणे मान्य केलं. तंबाखू आणि अ‍ॅस्बेस्टॉस ज्या पहिल्या गटात आहेत, त्याच गटात तिने हा धूर घातला.

हा फरक कळला नाही की उपायही चुकतो. पुण्यात दुचाकीवर तोंडाला स्कार्फ गुंडाळून निघणाऱ्या मुलींना वाटतं, आपण सुरक्षित आहोत. स्कार्फ जाड धूळ अडवतो, काजळी त्यातून आरपार जाते. तिच्यासाठी चेहऱ्यावर घट्ट बसणारा एन-95 मास्क लागतो. मुंबईत 2023 च्या हिवाळ्यात पालिकेने रस्ते पाण्याने धुवायला घेतले. त्याने रस्त्यावरची धूळ बसते, पण सायलेन्सरमधून थेट हवेत जाणाऱ्या काजळीचं काय? तिला उगमापाशीच रोखावं लागतं.

ते शक्य आहे. 1 एप्रिल 2020 पासून देशभर बीएस-6 हे वाहनांच्या धुराचं मानक लागू झालं, डिझेलमधलं गंधक 50 पीपीएमवरून (दहा लाख भागांत 50 भाग) 10 वर आलं आणि नव्या डिझेल गाड्यांना काजळी पकडणारा फिल्टर, म्हणजे डीपीएफ, बसू लागला. तो तुंबतो म्हणून काढून टाकायचा सल्ला कुणी दिला तर कृपा करून ऐकू नका. साठलेली काजळी जळून जायला इंजिन पुरेसं तापावं लागतं, त्यामुळे नुसती शहरात फिरणारी गाडी अधूनमधून हायवेवर सलग चालवा. जुन्या ट्रकचे इंजेक्टर आणि एअर फिल्टर वेळेवर पाहिले तरी धूर बराच कमी होतो.

पर्यावरणाच्या बाजूनेही काजळीचा हिशेब वेगळा आहे. काळी असल्याने ती ऊन शोषते. हिमालयातल्या बर्फावर बसली की बर्फ लवकर वितळतो. मात्र कार्बन डायऑक्साइड शतकानुशतकं हवेत टिकतो, तर काजळी काही दिवसांत, फार तर दोनेक आठवड्यांत खाली बसते. म्हणजे ती आज थांबवली, तर हवेत फरक याच महिन्यात दिसेल.