टोस्टरच्या बनावट शोधकाची पार्श्वभूमी
विजेच्या टोस्टरचा जनक म्हणून एडिनबरोच्या एका शास्त्रज्ञाचे नाव सुमारे दहा वर्षे सर्रास सांगितले जात होते. त्याने १८९३ साली टोस्टर घडवला, असे त्याच्या चरित्रात लिहिलेले होते. प्रत्यक्षात असा शास्त्रज्ञ कधी होऊनच गेला नव्हता.

टोस्टरचे श्रेय कुणा एकाला देता येत नाही. पाव भाजायला तार लालबुंद तापावी लागते, आणि लोखंडाची तार त्या आचेला टिकत नाही. निकेल-क्रोमियमचा मिश्रधातू १९०५ च्या सुमारास हाती आला, तेव्हा कुठे हे यंत्र घरोघरी नेण्याजोगे झाले. १९०९ च्या अमेरिकी टोस्टरमध्ये एका वेळी पावाची एकच बाजू भाजली जाई आणि तुकडा हाताने उलटावा लागे.

२०१२ च्या फेब्रुवारीत इंग्लंडमधील एका विद्यापीठात मुक्त ऑनलाइन ज्ञानकोशावर विसंबू नका, असे विद्यार्थ्यांना बजावण्यात आले. तिथे कुणीही टोस्टरचा शोधक होऊ शकतो, हे दाखवणारे उदाहरणही दिले गेले. ते ऐकून एका विद्यार्थ्याने त्या जागी आपल्या मित्राचे नाव घातले. पुढे त्या नावाचे चरित्र उभे राहिले आणि सोबत स्वतःचेच छायाचित्र, एकोणिसाव्या शतकातले वाटेल असे करून, त्याने लावले.

खरा गुंता 'संदर्भ' या शब्दाचा आहे. संदर्भ म्हणजे मजकुराहून स्वतंत्र असा पुरावा. इथे वृत्तपत्रांनी आणि पुस्तकांनी नाव ज्ञानकोशातूनच उचलले, आणि छापून आले म्हणून तेच ज्ञानकोशाला आधार ठरू लागले. दहा ठिकाणी छापलेले नाव दहा साक्षीदारांसारखे भासले. मूळ साक्षीदार मात्र एकच होता आणि तो खोटा होता. विद्यार्थ्याच्या खोडीपेक्षा, पेटंटची नोंद न पाहता मजकूर छापणाऱ्यांचा दोष मोठा मानावा लागतो. २०१८ मध्ये ५० पौंडांच्या ब्रिटिश नोटेसाठी शास्त्रज्ञांची नावे मागवली गेली, त्या यादीतही हे नाव होते. स्कॉटलंडमधील एका शाळेने तर त्याच्या नावाने खास दिवस पाळला.

जुलै २०२२ मध्ये एका १५ वर्षांच्या शाळकरी मुलाला ते छायाचित्र बनावट वाटले. त्याने शंका उपस्थित केली, तपास झाला आणि चरित्र हटवले गेले. छापून गेलेल्या पुस्तकांमधून ते नाव काढण्याचा मार्ग मात्र नव्हता.