मातीतून पोटात, पोटातून मातीत

शेंगांमधला रस शोषून जगणारा एक ढेकण्या आहे, रिप्टोर्टस पेडेस्ट्रिस. पूर्व आशियात सोयाबीनच्या पिकावर तो नेहमी सापडतो. अंड्यातून बाहेर येतो तेव्हा त्याच्या आतड्यात त्याचा सोबती जीवाणू नसतो. आई तो देत नाही. पहिली कात टाकून झाल्यावर पिल्लू तो स्वतः मातीतून मिळवतं. मातीत हजारो जातींची गर्दी असते, पण त्याच्या पोटात वस्ती होते ती बर्खोल्डेरिया गटातल्या जीवाणूंचीच.

ही निवड होते कशी? आतड्याच्या मागच्या भागात बारीक कोनाड्यांच्या रांगा असतात. तिकडे जाणारी वाट जेमतेम काही मायक्रोमीटर रुंद आणि चिकट द्रवाने भरलेली. बर्खोल्डेरिया आपली कशाभिका, म्हणजे पोहण्यासाठी असलेलं शेपटासारखं सूत, स्वतःच्याच अंगाभोवती गुंडाळतो आणि स्क्रूसारखा फिरत त्या वाटेतून पुढे सरकतो. इतर बहुतेक जीवाणू, अगदी चांगले पोहणारेही, तिथेच अडकतात. पोचलेल्यांना कोनाडे मिळतात, खाणं मिळतं. बदल्यात ढेकण्या मोठा होतो आणि जास्त अंडी घालतो.

या कीटकाची गोष्ट इतक्या तपशिलाने सांगण्याचं कारण २०१२ साली प्रसिद्ध झालेलं योशितोमो किकुची आणि सहकाऱ्यांचं संशोधन. फेनिट्रोथिऑन हे शेतीत वापरलं जाणारं कीटकनाशक. कीटकाला ते विष असलं, तरी मातीतल्या काही बर्खोल्डेरियांना ते अन्न आहे. ते त्याचे तुकडे करतात आणि त्यातला कार्बन वापरून वाढतात. एकाच जमिनीवर हे कीटकनाशक पुन्हा पुन्हा फवारलं की हे खाणारे जीवाणू तिथे साहजिकच वाढतात. मग पिल्लू मातीतून सोबती उचलतं तेव्हा नेमके हेच त्याच्या पोटात जाण्याची शक्यता वाढते. ज्याच्या पोटात ते गेले, त्या ढेकण्यावर फेनिट्रोथिऑनचा परिणाम फारसा होत नाही.

प्रतिकारशक्ती म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे एक ठरलेलं चित्र येतं: कीटकाच्या जनुकात बदल, त्यातून वाचलेले मोजके, त्यांची संतती आणि पिढ्यान्‌पिढ्यांचा काळ. इथे कीटकाच्या जनुकांना धक्काही लागलेला नाही. बदल मातीत झाला आणि एका पिढीत कीटकाच्या पोटात पोचला. माझ्या मते सूक्ष्मजीवांच्या समुदायांकडे बघण्याची आपली सवय या एका प्रयोगाने बदलायला हवी होती. आपण मातीचा अभ्यास एका खात्यात आणि कीटकांचा दुसऱ्या खात्यात ठेवतो. जीवाणूंना ही खाती ठाऊक नाहीत.

अर्थात सगळे कीटक असे मातीवर अवलंबून नसतात. मावा घ्या. झाडाच्या शिरांमधला रस पिऊन तो जगतो. त्या रसात साखर भरपूर, पण प्रथिनं बांधायला लागणारी अनेक अमिनो आम्लं अगदी कमी. ही उणीव भरून काढतो बुखनेरा नावाचा जीवाणू. माव्याच्या शरीरात त्याच्यासाठी खास पेशी असतात आणि तो त्यांच्या आत राहतो. आईच्या पोटातच तो पिल्लाकडे जातो. ही भागीदारी किमान १६ कोटी वर्षांची आहे.

इतकी वर्षं दुसऱ्याच्या घरात सुखाने काढल्यावर काय होतं, ते बुखनेराच्या जनुकसंचात दिसतं. २००० साली तो पूर्ण वाचला गेला तेव्हा त्याची लांबी निघाली जेमतेम ६ लाख ४० हजार डीएनए-अक्षरं. त्याचा नातेवाईक असलेल्या, आपल्या आतड्यातल्या ई. कोलायची लांबी साधारण ४६ लाख. बाहेर जगायला लागणारी कितीतरी जनुकं बुखनेराने गमावली आहेत. माव्याला हवी ती अमिनो आम्लं बनवणारी मात्र टिकून आहेत. त्याला आता बाहेर एकट्याने जगता येत नाही, आणि माव्यालाही त्याच्याशिवाय नीट जगता येत नाही.

या जवळिकीची किंमत कधी कधी एका अक्षराइतकी लहान असते. उष्णतेपासून पेशीला वाचवणारं एक प्रथिन बुखनेरा बनवतो. त्या जनुकाचा कळ-बटणासारखा जो भाग आहे, त्यातलं एकच अक्षर गळालं की थोड्या वेळाच्या उन्हाच्या तडाख्यानंतर माव्याला पिल्लं फारच कमी होतात, किंवा होतच नाहीत. हवा थंड असेल तर मात्र हेच गळालेलं अक्षर फायद्याचं ठरतं, मावा लवकर आणि जास्त वीण घालतो. म्हणजे माव्याला ऊन किती सोसेल हे त्याच्या आतल्या जीवाणूच्या एका अक्षरावर ठरतं. तापत्या हवामानात कोणते कीटक टिकतील याचा अंदाज बांधताना ही गोष्ट विसरून चालणार नाही.

सोबती मातीतून मिळवणं आणि तो आईच्या पोटातच मिळणं, या दोन टोकांच्या मधली एक तऱ्हाही आहे, आणि मला ती फार आवडते. मेगाकॉप्टा नावाच्या ढेकण्यांची मादी अंड्यांबरोबर छोट्या तपकिरी कुप्या ठेवते. त्या कुप्यांत तिच्या आतड्यातले जीवाणू असतात. पिल्लं अंड्यातून निघाली की आधी कुपीला सोंड लावतात. ताकाहिरो होसोकावा आणि सहकाऱ्यांनी दोन जाती घेतल्या. एक शेंगवर्गीय पिकांची कीड, दुसरी त्या पिकांवर नीट न वाढणारी. मग त्यांनी कुप्यांची अदलाबदल केली. किडीचे जीवाणू मिळालेली दुसरी जात त्या पिकावर छान वाढली, आणि दुसरीचे जीवाणू मिळालेल्या किडीची अंडी नीट उबेनात. ‘कीड’ हा शब्द आपण कीटकाला लावतो. या प्रयोगात तो शब्द कुपीबरोबर एकीकडून दुसरीकडे गेला.

आईकडून येणाऱ्या जीवाणूंपैकी वोल्बाकिया सर्वांत प्रसिद्ध. तो प्रथम दिसला १९२४ साली, डासात. फळमाशीतला वोल्बाकिया डेंग्यू पसरवणाऱ्या डासात घातला की त्या डासात डेंग्यूचा विषाणू नीट वाढत नाही. इंडोनेशियात योग्यकर्ता इथे असे डास सोडून झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२१ साली आले आणि डेंग्यूचे रुग्ण ७७ टक्क्यांनी कमी झाल्याचं दिसलं. एका जीवाणूच्या भरवशावर एवढं मोठं काम झालेलं पाहून आशा वाटते.

पण इथे एक सावधगिरीची सूचना द्यायलाच हवी. हल्ली प्रत्येक प्राण्याच्या पोटात त्याचं भाग्य ठरवणारे जीवाणू असतातच, असं सरसकट बोललं जातं. सुरवंटांनी ते खोटं ठरवलं. २०१७ साली वेगवेगळ्या जातींच्या सुरवंटांची आतडी तपासली गेली, तेव्हा त्यांत कायमच्या रहिवासी जीवाणूंची वस्ती जवळपास नव्हतीच. जे सापडले ते बहुतेक पानाबरोबर आत गेलेले आणि तसेच बाहेर पडणारे. प्रयोगशाळेत एका जातीच्या सुरवंटांना प्रतिजैविकं देऊन तेही मारले, तरी वाढीवर परिणाम झाला नाही. पानं खाऊन इतक्या वेगाने फुगणारा प्राणी जीवाणूंची मदत घेत नाही, हे पचायला अवघड आहे, पण पुरावा तसा आहे.

मातीकडे वळलं की अडचणींचं स्वरूप बदलतं. चमचाभर मातीत अब्जावधी जीवाणू असतात आणि त्यांच्या हजारो जाती. त्यातले बशीत, पोषक जेलीवर वाढवता येतात ते साधारण शंभरात एक. बाकीच्यांची ओळख पटवायची तर त्यांचं डीएनए थेट मातीतून काढून वाचावं लागतं. त्यासाठी रायबोसोमचं, म्हणजे पेशीतल्या प्रथिनं बनवणाऱ्या यंत्राचं, एक जनुक वापरतात. ते प्रत्येक जीवाणूत असतं आणि जातीगणिक थोडं बदलतं, त्यामुळे आडनावासारखं उपयोगी पडतं. १९७७ साली कार्ल वूझ यांनी याच रेणूच्या तुलनेतून आर्किया हा जीवांचा एक पूर्ण वेगळा गट दाखवून दिला.

डीएनए वाचण्यात एक गोम आहे. जीवाणू मेला तरी त्याचं डीएनए मातीच्या कणांना चिकटून दीर्घकाळ राहतं. २०१६ सालच्या एका अभ्यासात मातीतल्या डीएनएपैकी सरासरी ४० टक्के भाग पेशींबाहेरचा किंवा फुटलेल्या पेशींचा निघाला. शिवाय जिवंत असलेले बरेच जीवाणू सुप्तावस्थेत असतात. आपण मातीतल्या जीवाणूंची यादी करतो तेव्हा त्यात राहणारे, झोपलेले आणि केव्हाच गेलेले असे सगळे एकत्र येतात. त्यामुळे ‘या मातीत अमुक जाती आहेत’ हे वाक्य वाचताना मी नेहमी थबकते. त्या काय करत आहेत, हा प्रश्न वेगळा आणि जास्त कठीण असतो.

बशीत न वाढणाऱ्यांना मातीतच ठेवून वाढवण्याची युक्तीही निघाली आहे. बारीक छिद्रांच्या पडद्यांमध्ये एकेक पेशी कोंडायची आणि ते साधन परत मातीत पुरायचं. या मार्गाने सापडलेल्या एका जीवाणूपासून २०१५ साली टेक्सोबॅक्टिन हे नवं प्रतिजैविक मिळालं. त्याच्या बरंच आधी, १९४३ साली, मातीतल्याच स्ट्रेप्टोमायसिसपासून स्ट्रेप्टोमायसिन मिळालं होतं आणि क्षयरोगावर पहिलं परिणामकारक प्रतिजैविक हाती आलं होतं.

या स्ट्रेप्टोमायसिसची ओळख आपल्या नाकाला आधीपासून आहे. कोरड्या मातीवर पाणी पडलं की जो वास येतो, त्यात मोठा वाटा जिओस्मिन या रेणूचा. तो मुख्यतः स्ट्रेप्टोमायसिस बनवतो, आणि आपलं नाक त्याचा अगदी अत्यल्प अंशही पकडतं. तो हा खटाटोप का करतो, हे बराच काळ कोडं होतं. २०२० साली त्याचा एक उलगडा पुढे आला. स्ट्रेप्टोमायसिस बीजाणू बनवायला लागतो तेव्हाच जिओस्मिन सोडतो. त्या वासाने स्प्रिंगटेल, म्हणजे मातीत राहणारे, शेपटीच्या झटक्याने उडी मारणारे, कीटकांचे जवळचे नातेवाईक असलेले इवले जीव, तिकडे ओढले जातात. ते जीवाणू खातात. बीजाणू त्यांच्या अंगाला चिकटतात, काही पोटातून जाऊन विष्ठेवाटे जिवंत बाहेर पडतात. स्ट्रेप्टोमायसिसची प्रतिजैविकं इतर अनेक प्राण्यांना विषारी असतात, पण स्प्रिंगटेलकडे ती निकामी करणारी विकरं आहेत. त्यामुळे तो खाऊन पुढच्या ढेकळाकडे उडी मारतो, आणि बीजाणू त्याच्याबरोबर जातात.