ट्रॅश रिकामा होत नाही : ‘वापरात’ असलेली फाइल आणि ‘लॉक’ असलेली फाइल

मॅकवर ट्रॅश रिकामा करताना काम मध्येच अडले की फाइंडर, म्हणजे फायली दाखवणारा आणि हाताळणारा मॅकचा प्रोग्रॅम, साधारणपणे दोनपैकी एक तक्रार करतो. अमुक फाइल वापरात आहे, ही एक. आणि ती लॉक आहे किंवा ती काढण्याची परवानगी तुम्हाला नाही, ही दुसरी. दोन्ही वेळा फाइल जागची हलत नाही, त्यामुळे बरेच जण दोन्हींवर एकच इलाज करतात : मशीन पुन्हा सुरू करायचे, आणि तेवढ्याने भागले नाही तर कुठेतरी सापडलेली आज्ञा टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करून मशीनला काम सांगण्याच्या खिडकीत) चिकटवायची. वास्तविक पहिल्या अडचणीचे मूळ त्या क्षणी चालू असलेल्या एखाद्या प्रोग्रॅममध्ये असते, तर दुसरीचे मूळ डिस्कवरच्या नोंदीत असते. म्हणून मशीन बंद करून सुरू केल्यावर पहिली बहुधा नाहीशी होते आणि दुसरी जशीच्या तशी समोर येते. रीस्टार्टचा खरा उपयोग मला तरी इलाजापेक्षा निदानासाठी अधिक वाटतो.

फाइल वापरात असणे म्हणजे एखाद्या प्रोसेसने, म्हणजे त्या क्षणी चालू असलेल्या प्रोग्रॅमने, ती उघडून धरलेली असणे. ती प्रोसेस पडद्यावर दिसेलच असे नाही. मॅकवर लाल बटण दाबल्याने अनेक प्रोग्रॅमांची केवळ खिडकी बंद होते, प्रोग्रॅम मागे चालूच राहतो; शिवाय अँटीव्हायरस किंवा क्लाउडशी जुळवणी करणारे सॉफ्टवेअर कोणालाही न विचारता फायली उघडत असते. फाइल नेमकी कोणी धरली आहे हे पाहायचे असेल, तर टर्मिनलमध्ये छोट्या रोमन अक्षरांत एलएसओएफ ही आज्ञा टाइप करावी, एक जागा सोडावी आणि ट्रॅशच्या खिडकीतून ती फाइल ओढून टर्मिनलवर सोडावी. फाइलचा पूर्ण पत्ता आपोआप उमटतो. एंटर दाबल्यावर येणाऱ्या ओळीत पहिल्या रकान्यात प्रोग्रॅमचे नाव आणि दुसऱ्यात प्रोसेसचा क्रमांक असतो. तो प्रोग्रॅम रीतसर बंद केला की ट्रॅश निमूटपणे रिकामा होतो.

इथे एक गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. मॅकओएस या मॅकच्या ऑपरेटिंग सिस्टिमचा पाया युनिक्स या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमचा आहे, आणि युनिक्समध्ये उघडी फाइल काढून टाकायला मुळात बंदी नाही. फाइंडर अडवतो तो सावधगिरी म्हणून. टर्मिनलमधून तीच फाइल जबरदस्तीने काढली तर फोल्डरमधील तिचे नाव लगेच जाते, पण शेवटची प्रोसेस तिला सोडत नाही तोवर तिचा मजकूर डिस्कवरच राहतो. मोठा व्हिडिओ काढूनही मोकळी जागा वाढलेली दिसत नाही, याचे एक कारण हे असू शकते. विंडोजवर प्रकार निराळा आहे : प्रोग्रॅमने फाइल उघडताना ती काढण्याची मुभा इतरांना दिली नसेल, तर तिथे खुद्द ऑपरेटिंग सिस्टिमच नकार देते.

दुसऱ्या तक्रारीत पुन्हा दोन पोटभेद आहेत. लॉक ही फाइलला लावलेली एक खूण असते. फाइल निवडून कमांड आणि आय ही बटणे एकत्र दाबली की गेट इन्फोची खिडकी उघडते आणि तिच्यात ‘लॉक्ड’ हा चौकोन दिसतो. त्यातील टिक काढली की काम झाले. अशा फायली पुष्कळ असतील तर ऑप्शन बटण दाबून धरून ट्रॅश रिकामा करावा.

परवानगीचे प्रकरण मात्र थोडे गुंतागुंतीचे आहे, कारण युनिक्समध्ये फाइल काढण्याचा अधिकार त्या फाइलवरून ठरत नाही, ती ज्या फोल्डरमध्ये आहे त्यावरून ठरतो. त्यामुळे केवळ वाचता येणारी फाइलही तुमच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये असेल तर काढता येते. उलट दुसऱ्या खात्याच्या मालकीच्या आणि तुम्हाला लेखनाची मुभा नसलेल्या फोल्डरमधली तुमचीच फाइल तुम्हाला काढता येत नाही. जुन्या मशीनवरून उचलून आणलेले फोल्डर ट्रॅशमध्ये अडकतात ते अनेकदा यामुळेच. अशा वेळी आतल्या एकेका फाइलशी झटत बसू नये. वरच्या फोल्डरच्या गेट इन्फोमध्ये तळाशी असलेल्या कुलपावर क्लिक करून अ‍ॅडमिनचा पासवर्ड द्यावा, आपल्या नावापुढे वाचन आणि लेखन अशी दोन्ही मुभा ठेवावी आणि तेथील मेनूतून तीच व्यवस्था आतल्या सर्व गोष्टींना लागू करावी. अ‍ॅडमिनच्या अधिकाराने फायली काढणाऱ्या आज्ञा टर्मिनलमध्ये देण्याचा मोह इथेच होतो. पत्त्यात एक मोकळी जागा चुकून पडली तर भलतेच फोल्डर कायमचे जाते, आणि तिथून गेलेले ट्रॅशमध्ये परत सापडत नाही.

बाहेरून जोडलेल्या डिस्कचा ट्रॅश त्याच डिस्कवर एका लपलेल्या फोल्डरमध्ये असतो, म्हणून डिस्क काढली की त्यातल्या फायलीही ट्रॅशमधून दिसेनाशा होतात. त्या डिस्कवर परवानगीची तक्रार येत असेल, तर डिस्कच्या गेट इन्फोमध्ये मालकी दुर्लक्षित करण्याचा चौकोन आहे का ते आधी पाहावे. त्यावर टिक केली की मॅक त्या डिस्कवरील फायलींची मालकी तपासत नाही.