कॅनडातील फर्स्ट नेशन्स वस्त्यांचे पेयजल

कॅनडातील मूळ रहिवाशांच्या राखीव क्षेत्रांमध्ये नळाला येणारे पाणी पिण्यास सुरक्षित नसणे, ही स्थिती काही ठिकाणी एका पिढीहून अधिक काळ टिकून राहणे आणि ती बदलण्यासाठी झालेले शासकीय व न्यायालयीन प्रयत्न यांचा विचार या विषयात होतो. फर्स्ट नेशन्स, इनुइट आणि मेटी हे कॅनडातील मूळ रहिवाशांचे तीन मान्यताप्राप्त गट असून राखीव क्षेत्रे मुख्यत्वे फर्स्ट नेशन्सची आहेत. बाधित वस्त्यांपैकी कित्येक मोठ्या सरोवरांच्या किंवा नद्यांच्या काठीच वसलेल्या असल्यामुळे हा पाणीटंचाईचा प्रश्न नव्हे. पाणी मुबलक आहे आणि ते शुद्ध करण्याचे तंत्रही जुने आहे. वादात राहिली ती ते शुद्ध करून घरापर्यंत पोहोचविण्याची कायदेशीर जबाबदारी.

पाणी असुरक्षित ठरल्यास वस्तीला तीनपैकी एक सूचना दिली जाते. जंतूंचा धोका असेल, तर पाणी किमान एक मिनिट खळखळून उकळून मगच पिण्यासाठी, दात घासण्यासाठी व फळे-भाज्या धुण्यासाठी वापरावे लागते. उकळूनही न जाणारे रसायन किंवा धातू असेल, तर ते पिण्यास मनाई केली जाते. आणि त्वचेला किंवा डोळ्यांनाही अपाय संभवत असेल, तर कोणत्याही कामासाठी वापरण्यास मनाई होते. वर्षाहून अधिक काळ लागू राहिलेली सूचना ‘दीर्घकालीन’ मानली जाते व सरकारी आकडेवारी प्रामुख्याने या वर्गाचीच असते. ही आकडेवारी सावधपणे वाचावी लागते, कारण तिच्यात केंद्र सरकारच्या निधीवर चालणाऱ्या, साधारणतः पाच किंवा अधिक घरांना पाणी देणाऱ्या सार्वजनिक योजनाच मोजल्या जातात. खाजगी विहिरींवर अवलंबून असलेली घरे त्यांत येत नाहीत. अनेक राखीव क्षेत्रांत घराशेजारच्या जमिनीतील टाकीत टँकरने पाणी भरले जाते. शुद्धीकरण केंद्रातून निघालेले पाणी निर्दोष असले, तरी टाकीला तडा गेला किंवा झाकण नीट बसले नाही, की भोवतालचे सांडपाणी आत झिरपते आणि गणतीत ‘सुरक्षित’ असलेल्या वस्तीतले घर दूषित पाणी पीत राहते.

प्रश्नाचे मूळ १८६७ च्या घटना कायद्यापर्यंत जाते. त्यातील कलम ९१(२४) नुसार मूळ रहिवासी आणि त्यांच्या राखीव जमिनी केंद्राच्या अखत्यारीत आल्या, तर पेयजलाचे नियमन प्रांतांकडे राहिले. ऑन्टॅरिओतील वॉकर्टन या गावात मे २००० मध्ये ई. कोलाय जिवाणूंनी दूषित झालेल्या पाण्यामुळे सात जणांचा मृत्यू झाला व दोन हजारांहून अधिक लोक आजारी पडले. त्यानंतर त्या प्रांताने २००२ मध्ये कडक पेयजल कायदा केला. परंतु प्रांताचा कायदा राखीव क्षेत्राच्या हद्दीपाशी थांबतो. हद्दीच्या अलीकडच्या गावाला पाण्याची हमी कायद्याने मिळाली, पलीकडच्या वस्तीला मात्र केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे व अनुदानाच्या अटी यांवरच भागवावे लागले. ही पोकळी भरण्यासाठी केलेला केंद्राचा कायदा २०१३ मध्ये अमलात आला. पण त्याने वस्त्यांवर उत्तरदायित्व टाकले आणि ते पेलण्यासाठी निधीची तरतूद केली नाही, असा आक्षेप फर्स्ट नेशन्सनी घेतला. त्याखाली एकही नियमावली तयार झाली नाही आणि २०२२ मध्ये तो रद्द करण्यात आला.

निधीची रचनाही सदोष होती. शुद्धीकरण केंद्र उभारण्यासाठी पैसा मिळे. ते चालविण्याच्या व दुरुस्तीच्या खर्चाचा मात्र केंद्र सरकार ठराविक हिस्साच उचलत असे व उर्वरित रक्कम वस्तीने उभी करावी अशी अपेक्षा असे. देखभालीचे अनुदान ठरविण्याचे सूत्र तीस वर्षांत अद्ययावत झालेले नाही, असे महालेखापरीक्षकांच्या २०२१ च्या अहवालात नमूद आहे. अपुऱ्या पगारामुळे शुद्धीकरण केंद्र चालविणारे प्रशिक्षित चालक जवळच्या शहरात निघून जातात आणि ज्या वस्तीत एकच चालक आहे, तेथे तो आजारी पडला की शुद्धीकरण केंद्र वाऱ्यावर पडते. उत्तरेकडील दलदलीतून येणारे पाणी सेंद्रिय द्रव्यांमुळे चहाच्या रंगाचे असते. ही द्रव्ये आधी काढून न टाकता जंतुनाशनासाठी क्लोरीन मिसळल्यास ट्रायहॅलोमिथेनसारखी अपायकारक संयुगे तयार होतात. म्हणजे जंतूंवरचा उपायच दुसरा धोका निर्माण करतो. अटावापिस्काट या वस्तीने २०१९ मध्ये याच कारणावरून आणीबाणी जाहीर केली होती.

मॅनिटोबा आणि ऑन्टॅरिओ या प्रांतांच्या सीमेवरील शोल लेक ४० या, अनिशिनाबे या मूळ रहिवासी समाजाच्या वस्तीचे उदाहरण सर्वांत बोलके म्हणावे लागेल. विनिपेग शहरासाठी शोल सरोवरातून सुमारे १५५ किमी. लांबीचा जलवाहक बांधण्यात आला व तो १९१९ मध्ये सुरू झाला. त्यासाठी वस्तीची जमीन घेण्यात आली. फाल्कन नदीचे गढूळ, काळपट पाणी शहराच्या उपशाच्या ठिकाणी येऊ नये म्हणून बांध घालून व कालवा खोदून ते सरोवराच्या दुसऱ्या भागात, वस्तीच्या बाजूला वळविण्यात आले. या कालव्यामुळे वस्तीची भूमी मुख्य भूमीपासून तुटून तिचे बेट झाले. उन्हाळ्यात होडीने आणि हिवाळ्यात गोठलेल्या सरोवरावरून ये-जा करावी लागे. बर्फ धड गोठलेला नाही आणि धड वितळलेलाही नाही अशा दिवसांत दोन्ही वाटा धोक्याच्या असत. शहराला शतकभर पाणी पुरविणाऱ्या या सरोवराच्या काठी १९९७ पासून पाणी उकळण्याची सूचना लागू होती. पक्का रस्ता नसल्यामुळे शुद्धीकरण केंद्राचा खर्च परवडत नाही, हे कारण दिले जाई. आणि रस्ता तुटला होता तो शहराच्याच पाण्यासाठी. ‘फ्रीडम रोड’ नावाचा रस्ता २०१९ मध्ये खुला झाला, त्यानंतर दोन वर्षांत, सप्टेंबर २०२१ मध्ये, शुद्धीकरण केंद्रही सुरू झाले.

ऑन्टॅरिओच्या उत्तरेकडील नेस्कान्टागा येथे फेब्रुवारी १९९५ पासून सूचना लागू असून ती देशातील सर्वाधिक काळ चाललेली मानली जाते. तेथील शुद्धीकरण केंद्र त्याच्या जेमतेम दोन वर्षे आधी बांधलेले होते. वर्षातील बराच काळ या वस्तीला केवळ विमानानेच जाता येते, त्यामुळे एखादा पंप बिघडला, तरी सुटा भाग व तंत्रज्ञ येईपर्यंत नळ कोरडे राहतात. ऑक्टोबर २०२० मध्ये जलसाठ्यावर तेलकट तवंग आढळल्यावर रहिवाशांना थंडर बे शहरात हलविण्यात आले व ते डिसेंबरमध्ये परतले. कॅशेचेवान या, क्री या मूळ रहिवासी समाजाच्या वस्तीतून २००५ मध्ये ई. कोलाय आढळल्यामुळे शेकडो लोकांना हलवावे लागले होते. तेथे पाणी उपसण्याची जागा सांडपाण्याच्या तळ्याच्या खालच्या अंगाला होती.

सार्वजनिक योजनांवरील सर्व दीर्घकालीन सूचना मार्च २०२१ पर्यंत संपविण्याचे आश्वासन तत्कालीन पंतप्रधान जस्टिन ट्रूडो यांच्या सरकारने दिले. नोव्हेंबर २०१५ मध्ये अशा १०५ सूचना लागू होत्या. मुदत पाळली गेली नाही. तथापि पुढील दशकभरात १४० हून अधिक सूचना उठल्या, हे नाकारता येत नाही. याच काळात नव्या सूचनांचीही भर पडत राहिल्याने प्रश्न संपला मात्र नाही. कर्व्ह लेक, नेस्कान्टागा आणि टटास्क्वेयाक क्री या फर्स्ट नेशन्सनी २०१९ मध्ये दाखल केलेल्या सामूहिक दाव्यांत २०२१ मध्ये सुमारे ८ अब्ज कॅनडियन डॉलरची तडजोड मंजूर झाली. तीत १.५ अब्ज डॉलर नुकसानभरपाईसाठी, तर किमान ६ अब्ज डॉलर पाणीयोजनांसाठी आहेत. मॅनिटोबातील शमाटावा वस्तीच्या नंतरच्या दाव्यात मात्र, शुद्ध पाणी पुरविण्याचे कायदेशीर बंधन आपल्यावर नाही, अशी भूमिका केंद्राच्या वकिलांनी घेतली. संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने जुलै २०१० मध्ये पाण्याचा मानवी हक्क मान्य केला, तेव्हाच्या मतदानात कॅनडा तटस्थ राहिला होता.

इनुइट प्रदेशात राखीव क्षेत्रे नाहीत, पण अडचणी आहेत. नुनावुतमध्ये बहुतेक घरांना टँकरने पाणी मिळते. राजधानी इकालुइतच्या पुरवठ्यात ऑक्टोबर २०२१ मध्ये इंधन मिसळल्याने ते पाणी सुमारे दोन महिने पिण्यास बंद होते.

अनिशिनाबे परंपरेत पाण्याची राखण ही स्त्रियांची जबाबदारी मानली जाते. जोसेफिन मँडामिन यांनी २००३ पासून तांब्याच्या पात्रात पाणी घेऊन पंचमहासरोवरांभोवती पदयात्रा केल्या आणि या प्रश्नाकडे लक्ष वेधले. अटलांटिक किनाऱ्यावरील काही फर्स्ट नेशन्सनी पाणीपुरवठ्यासाठी स्वतःच्या मालकीचे प्राधिकरण स्थापन केले असून २०२२ मध्ये त्याच्याकडे योजना हस्तांतरित करण्याचा करार झाला. राखीव क्षेत्रांतील पाण्यावर फर्स्ट नेशन्सचा अधिकार मान्य करणारे विधेयक, क्र. सी-६१, डिसेंबर २०२३ मध्ये केंद्रीय संसदेत मांडले गेले. राखीव हद्दीबाहेरच्या जलस्रोतांचे संरक्षण कसे व कोणी करायचे, हा त्यातील वादाचा मुद्दा होता. जानेवारी २०२५ मध्ये संसदेचे सत्र संपविण्यात आल्याने ते संमत न होताच व्यपगत झाले.