पुंगळीच्या मानेला आच : पार्श्वभूमी

काडतुसाच्या पितळी पुंगळीची मान, म्हणजे गोळी धरून ठेवणारं तिचं तोंड, तापवून मऊ करण्याचा, म्हणजे ॲनीलिंगचा, विषय आज अचूक नेमबाजीच्या अंगाने निघतो. त्याचा जुना धागा मात्र तड्यांशी जोडलेला, आणि तेही हिंदुस्थानातल्या. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश फौजांची काडतुसं पावसाळ्यात घोड्यांच्या पागांमध्ये ठेवली जात. नंतर पाहिलं तर न झाडलेल्या काडतुसांनाही चिरा! दोष मुतातल्या अमोनियाचा आणि पितळ न तापवता साच्यातून ओढताना त्यात साठलेल्या ताणाचा, दोन्हींचा मिळून. हे नीट उलगडायला 1921 उजाडलं. तोडगा सोपा होता : मंद उष्णता देऊन ताण काढायचा, कडकपणा राखायचा.

कारखान्यात 70 टक्के तांबं आणि 30 टक्के जस्ताचं पितळ टप्प्याटप्प्याने ओढतात आणि मधेमधे तापवतात. शेवटची आच फक्त मानेला. बूड कडकच हवं, कारण वायूचा दाब तेच झेलतं. लष्करी पुंगळीवर या आचेचा निळसर डाग तसाच ठेवतात, बाजारातल्या पुंगळीवरचा बहुधा घासून काढतात.

झाडलेली पुंगळी घरी पुन्हा भरून वापरणाऱ्यांची अडचण वेगळी. दर गोळीला मान फुगते, साच्यात पुन्हा आवळली जाते, कडक होत जाते आणि शेवटी फुटते. जुनी रीत म्हणजे पुंगळ्या पाण्याच्या ताटात उभ्या करायच्या, मानेवर गॅसच्या टॉर्चची ज्योत धरायची आणि मग त्या पाण्यात लोळवायच्या. पाण्याने पितळ मऊ होत नाही, कडकही होत नाही. फक्त उष्णता बुडापर्यंत पोचत नाही.

खरा वाद पेटला तो गेल्या दशकात, वितळलेल्या मिठावरून (खायचं मीठ नव्हे, रासायनिक क्षार). साधारण 500 अंश सेल्सिअसच्या मिठात काही सेकंद मान बुडवली की झालं, स्वस्तात काम. चुंबकीय क्षेत्राने मान तापवणारी इंडक्शन यंत्रं विकणाऱ्यांनी कडकपणा मोजला आणि म्हणाले, एवढ्यात पितळ पुरेसं मऊ होतच नाही. मीठवाले म्हणाले, तुम्ही स्पर्धक, तुमचा निकाल कोण मानणार? शंका रास्त, पण ती मोजमापाला उत्तर नव्हे. मऊपणा तापमान आणि वेळ दोन्हींवर ठरतो. 400 अंशांना रंग बदलणारा लेप लावून निर्धास्त राहणारे हेच विसरत : त्या तापमानाला दोन-चार सेकंदांत फारसं काही घडत नाही. डागही फक्त आच लागल्याचं सांगतो, किती मऊ झालं ते नाही.

मानेची भिंत मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी. तिचा कडकपणा मोजायला पुंगळी कापून, घासून सूक्ष्मदर्शकाखाली घ्यावी लागते. घरी ती सोय कुणाकडे? म्हणून दोन्ही बाजू लक्ष्यावरची भोकं दाखवून भांडतात.