डाळिंब तडकू नये म्हणून: अवकाशयानाच्या बॅटरीची मागची गोष्ट

माझे मामा सांगली जिल्ह्यातल्या आटपाडी तालुक्यात डाळिंब करतात. बाग ताणावर सोडून बहार धरला, फळं रंगावर आली आणि नेमकी पाण्याची पाळी चुकली की काय होतं, हे त्यांना पुस्तकात वाचावं लागत नाही. साल आवळून बसलेली असते. मग एकदम पाणी मिळालं की आतले दाणे फुगतात, सालीला तेवढ्या वेगानं ताणता येत नाही आणि फळ तडकतं. सौद्यात त्याला कोणी विचारत नाही, ते रसाला जातं. उपग्रहाची बॅटरी जास्त वर्षं कशी टिकवायची, या प्रश्नाचं एक टोक याच फळाशी येऊन थांबतं.

ऑक्टोबर 1957 मध्ये उडालेल्या स्पुटनिकचं वजन 83.6 किलो होतं आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त वजन चांदी-जस्ताच्या बॅटऱ्यांचं. तीन आठवड्यांत त्या संपल्या आणि ‘बीप बीप’ थांबली. पुढच्या मार्चमध्ये अमेरिकेच्या व्हॅनगार्ड-1 वर सौरघट बसवले. त्याचा बॅटरीवरचा ट्रान्समीटर जूनमध्येच गप्प झाला, सौरघटांवरचा 1964 पर्यंत बोलत राहिला. मग बॅटरी हवीच कशाला? तर सावलीसाठी.

पृथ्वीजवळून फिरणारा उपग्रह साधारण दीड तासात एक फेरी मारतो आणि त्यातली पस्तीसेक मिनिटं अंधारात असतो. म्हणजे दिवसाला पंधरा-सोळा वेळा बॅटरी भरायची आणि उपसायची, वर्षाला साडेपाच हजार वेळा. आपल्या मोबाईलच्या बॅटरीनं हा मारा कधीच सोसला नसता. 36 हजार किलोमीटरवरच्या दूरसंचार उपग्रहांचं बरं असतं. त्यांना ग्रहण लागतं ते विषुवदिनांच्या आसपास, वर्षाला सुमारे नव्वद रात्री आणि फार तर 72 मिनिटं. मंगळयानाची अखेर मात्र सावलीनंच आणली असावी. सहा महिन्यांसाठी पाठवलेलं ते यान 2014 पासून आठेक वर्षं चाललं. त्याची बॅटरी एक तास चाळीस मिनिटांच्या ग्रहणापुरती बेतलेली होती आणि एप्रिल 2022 मध्ये वाट्याला आलेलं ग्रहण त्याहून बरंच लांबलं.

मधल्या काळात निकेल-कॅडमियम आलं, मग निकेल-हायड्रोजन. हबल दुर्बिणीतल्या निकेल-हायड्रोजन बॅटऱ्या 1990 पासून थेट 2009 पर्यंत टिकल्या. पण त्या बोजड. अवकाश स्थानकात 2017 ते 2021 दरम्यान अशा 48 बॅटऱ्या काढून त्यांचं काम 24 लिथियम-आयन बॅटऱ्यांवर सोपवलं, यावरून काय ते समजावं. श्रीहरिकोट्याहून 2001 मध्ये आपल्याच पीएसएलव्हीनं सोडलेल्या युरोपच्या प्रोबा-1 मध्येही लिथियम-आयनच होती. दोन वर्षांसाठी बांधलेला तो उपग्रह वीस वर्षांहून जास्त राबला.

लिथियम-आयनमध्ये चार्जिंग करताना लिथियम ज्यात जाऊन बसतं तो ॲनोड सहसा ग्रॅफाइटचा असतो. त्याजागी सिलिकॉन घातलं तर तेवढ्याच वजनात जवळजवळ दहापट लिथियम मावतं. अडचण एकच, आणि ती मामांच्या ओळखीची. लिथियम पिऊन सिलिकॉन चौपट फुगतं, आणि लिथियम बाहेर पडलं की आक्रसतं. भरण्या-उपसण्याच्या दोन-चार फेऱ्यांत तडे जातात. प्रत्येक ताज्या तड्यावर रासायनिक पापुद्रा धरतो, त्यात लिथियम अडकून पडतं आणि बॅटरीची क्षमता घटत जाते.

स्टॅनफर्डच्या यी क्वी यांच्या गटानं 2014 मध्ये यावर डाळिंबाची रचना पुढे केली. सिलिकॉनचा प्रत्येक सूक्ष्म कण कार्बनच्या कवचात ठेवला, पण कवच मुद्दाम सैल. कणाला फुगायला आत मोकळी जागा. असे असंख्य दाणे एकत्र करून त्यांच्यावर कार्बनची जाड साल. पापुद्रा आता फक्त बाहेरच्या सालीवर धरतो, दाण्या-दाण्यावर नाही. हजार फेऱ्यांनंतरही 97 टक्के क्षमता शिल्लक राहिली. गंमत अशी की आटपाडीच्या डाळिंबाला जे जमत नाही, ते या डाळिंबाला जमवलंय: दाणा फुगला तरी साल जागची हलत नाही.

निसर्गाकडून बॅटरी उसनी घेणं तसं नवं नाही. बॅटरीचा जन्मच तिथला. 1800 साली व्होल्टानं आपल्या चकत्यांच्या चळतीला ‘कृत्रिम विद्युत-अवयव’ म्हटलं, ते झटका देणाऱ्या टॉर्पेडो माशाच्या अवयवावरून. एमआयटीच्या अँजेला बेल्चर यांनी शिंपल्यातला जीव खनिजांतून कवच कसं बांधतो हे पाहून विषाणूंकडून बॅटरीचे इलेक्ट्रोड घडवून घेतले, तेही याच वाटेवरचं.

हजार फेऱ्या हा आकडा कुठल्या कक्षेतून पाहता यावर सगळं आहे. उंचावरच्या दूरसंचार उपग्रहाला त्या अकरा वर्षं पुरतील. खालच्या कक्षेत त्या दोन-सव्वादोन महिन्यांत सरतात. म्हणून तिथे बॅटरी एका वेळी थोडीच उपसतात, त्यानं आयुष्य वाढतं. मोकळ्या जागेचा तोटाही फोनमध्ये जास्त बोचतो, कारण तिथे जागा महाग. यानात महाग असतं ते वजन, आणि पोकळीला वजन नसतं. सिलिकॉनच्या ॲनोडनं वातावरणाच्या दुसऱ्या थरापर्यंत, स्थितांबरापर्यंत मजल मारलीय: 2018 मध्ये झेफिर हे सौरविमान जवळजवळ 26 दिवस न उतरता उडालं, दिवसा उन्हावर आणि रात्री सिलिकॉन नॅनोतारांच्या बॅटरीवर.

उरतो खर्च, कारण इतके बारीक सिलिकॉनचे कण बनवणं स्वस्त नाही. त्यावर क्वी यांच्याच गटानं 2013 मध्ये एक उपाय दाखवला होता: भाताच्या तुसातून सिलिकॉन काढायचं. भाताचं रोप मातीतली सिलिका शोषून तुसात साठवतं, आणि तीही बारीक कणांच्या जाळीत. म्हणजे डाळिंबाची रचना आटपाडीची आणि दाण्यातला माल शिराळ्याचा. जिल्ह्याची दोन टोकं, एक दुष्काळी आणि एक भाताचं. मामांना हे सांगितलं तर ते म्हणाले, ‘‘तूस वीटभट्टीवाले आधीच उचलतात, तुमच्या यानाला उरलं तर बघा.’’