लेखा घोटाळ्यांची नीतिमीमांसा

कंपनीची आर्थिक स्थिती आहे त्यापेक्षा वेगळी दिसावी म्हणून हिशेबात जाणूनबुजून केलेला फेरफार म्हणजे लेखा घोटाळा. त्यासाठी तिजोरीतून पैसे उचलावेच लागतात असे नाही, एक खोटी नोंदही पुरते. ताळेबंद वाचणाऱ्याला कंपनीच्या बँक खात्यात किंवा गोदामात डोकावता येत नाही. तो आकड्यांखालच्या सहीवर विसंबून आपली बचत गुंतवतो, कर्ज देतो, नोकरी धरतो. ज्याला पडताळून पाहणे शक्यच नाही अशा माणसाला फसवले जाते, म्हणून हा अपराध साध्या खोटेपणापेक्षा गंभीर ठरतो.

हिशेबात अंदाज टाळता येत नाहीत. किती येणे बुडेल, यंत्र किती वर्षे चालेल, हे कोणीतरी ठरवावेच लागते आणि त्यात प्रामाणिक मतभेद होतात. मात्र विशिष्ट आकडा का निवडला याचे खरे कारण भागधारकांना उघडपणे सांगता येत नसेल, तर तो अंदाज राहत नाही. नियमात बसते एवढ्याने भागत नाही. चित्र खरे व वाजवी असावे लागते.

मोठे घोटाळे बहुधा एका तिमाहीपुरते म्हणून सुरू होतात. अमेरिकेतील वर्ल्डकॉम या दूरसंचार कंपनीत 2000 साली मधल्या फळीतल्या लेखापालांना खर्चासाठी राखलेल्या तरतुदी कमी करून नफा सावरायला सांगण्यात आले. हे गैर आहे हे ते जाणून होते. दोघांनी राजीनाम्याची पत्रेही लिहिली, पण दिली नाहीत. मुख्य वित्त अधिकारी स्कॉट सलिव्हन यांनी त्यांची समजूत घातली : विमाने हवेत आहेत, ती उतरू द्या, मग जायचे तर जा. पुढे तरतुदी पुरेनात, तेव्हा इतर दूरसंचार कंपन्यांच्या वाहिन्या वापरण्याचे शुल्क, म्हणजे निव्वळ चालू खर्च, मालमत्ता म्हणून दाखवले गेले, म्हणजे ते नफ्यातून लगेच वजा झाले नाहीत. जून 2002 मध्ये कंपनीने 3.8 अब्ज डॉलरची अशी रक्कम जाहीर केली. अंतिम आकडा सुमारे 11 अब्जांवर गेला. त्या दोघांनी न्यायालयात गुन्हा कबूल केला. वरून आलेला आदेश हा बचाव ठरत नाही, हे खरेच. पण घर चालवणाऱ्या माणसावर ‘फक्त एवढ्या वेळी’ म्हणून टाकलेल्या दबावाचा दोष दबाव टाकणाऱ्याच्या माथी अधिक जातो, असेच म्हणावे लागेल.

भारतातील सत्यम या संगणक सेवा कंपनीतही दाखवलेल्या आणि खऱ्या आकड्यांतली दरी अशीच रुंदावत गेली. 7 जानेवारी 2009 च्या पत्रात अध्यक्ष रामलिंग राजू यांनी ताळेबंदातील 5,040 कोटी रुपयांची रोकड व बँक शिल्लक अस्तित्वातच नसल्याची कबुली दिली. सप्टेंबर 2008 च्या तिमाहीत 649 कोटी दाखवलेला परिचालन नफा प्रत्यक्षात 61 कोटी होता.

लेखापरीक्षकाची अडचण रचनेतच आहे : ज्याची वही तपासायची, तोच फी देतो. आर्थर अँडरसन या लेखापरीक्षण संस्थेला 2000 साली एन्रॉन या अमेरिकी ऊर्जा कंपनीकडून सुमारे 5.2 कोटी डॉलर मिळाले आणि त्यातले निम्म्याहून अधिक लेखापरीक्षणाखेरीज इतर सेवांचे होते. डिसेंबर 2001 मध्ये एन्रॉन दिवाळखोरीत गेली. ज्या कर्मचाऱ्यांनी निवृत्तीची पुंजी कंपनीच्याच शेअरमध्ये ठेवली होती, त्यांची नोकरी आणि बचत एकदमच गेली.

कायदे यानंतर कडक झाले. अमेरिकेत 2002 च्या सार्बेन्स-ऑक्सली कायद्याने वरिष्ठ अधिकाऱ्यांना आर्थिक अहवाल स्वतः प्रमाणित करणे बंधनकारक केले. भारतात कंपनी कायदा, 2013 ने ठरावीक मुदतीनंतर लेखापरीक्षक बदलण्याची आणि जागल्यांसाठी, म्हणजे आतून गैरप्रकार उघड करणाऱ्यांसाठी, तक्रारीच्या यंत्रणेची तरतूद केली.

तरीही अनेक घोटाळे आतल्याच माणसाने चिकाटी धरली म्हणून उघडे पडतात. वर्ल्डकॉमच्या अंतर्गत लेखापरीक्षण प्रमुख सिंथिया कूपर यांचे पथक संशयास्पद नोंदी रात्री उशिरापर्यंत थांबून शोधत असे. तपासणी पुढच्या तिमाहीपर्यंत लांबणीवर टाका, असे सलिव्हन यांनी त्यांना सांगितले. कूपर यांनी ती चालूच ठेवली आणि संचालक मंडळाच्या लेखापरीक्षण समितीचे अध्यक्ष गाठले.